पुरे म्हटल्यावर

नागपूर, १२ सप्टेंबर १९७८

गोपिका,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षं आठ महिने जिला एक ओळ धाडली नाही, तिला पहिल्याच शब्दात आशीर्वाद देणं म्हणजे दार न वाजवता घरात शिरणं. तेव्हा नुसतं नाव.

तुझा भाऊ रविंद्र दर रविवारी खापरखेड्याहून येतो, जेवतो आणि तुझं पत्र वाचून दाखवतो. वाचतो म्हणजे गाळतो. मध्येच थांबून घसा खाकरला की समजायचं, इथं आईबद्दल काही आहे. गेल्या रविवारी त्यानं अख्खं पान गाळलं.

"काहून गा, एवढं काय लिहिलं तिनं?"

"ताई डिसेंबरात येऊन राहिली. कॉलिनभाऊजी, मीरा, सगळे."

"उतरणार कुठं?"

"हॉटेलात."

"आन जेवणार कुठं?"

त्यावर त्याला तहान लागली. दोन पेले पाणी प्याला आणि मग एकेक सांगितलं. मीराला साखरेचा आजार आहे. वर्ष झालं. रोज सुई. सुई दिली की अर्ध्या तासाच्या आत मोजून ठरवलेलं अन्न पोटात गेलंच पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. आणि शेवटची ओळ त्यानं जशीच्या तशी वाचली, कारण ती गाळण्याजोगी नव्हती: 'आईला मोजून वाढता येत असेल तर एक वेळ घरी जेवू. नाहीतर भेटायला येऊ आणि जाऊ.'

सहा वर्षांच्या पोरीला साखर. शेजारच्या भागीरथाबाई म्हणतात, असं कुठं असतं का, लेकरं तर साखरेवरच वाढतात. मी त्यांना म्हटलं, तुमची वाढली असतील. तेव्हापासून बोलणं बंद आहे. एकूण माझी बोलणी बंद करण्याची हातोटी तुला ठाऊक आहे.

पण त्या दिवसाबद्दल तू माझ्यावर डाव धरून बसली असशील तर एक सांगते. कॉलिन जेवायला बसला तेव्हा मी एकही वाकडा शब्द बोलले नाही. वाढलं. विचारलं. तो पुरे म्हणाला. तुझे बाबा होते, रविंद्र होता, कुणालाही विचार.

दुसरं म्हणजे, मी इंग्रजीच्या वर्गाला जाऊन राहिले आहे. दुपारी वेळ जात नाही म्हणून. बाकी काही नाही.

सिंधू, म्हणजे तुझी आई


नागपूर, ४ ऑक्टोबर १९७८

गोपिका,

उत्तर आलं नाही. हवाई पत्राला दहा दिवस जायला, दहा यायला, असं पोस्टातला माणूस म्हणतो. आज बाविसावा दिवस. दोन दिवस मी पोस्टाला माफ केले आहेत.

वर्ग सक्करदऱ्याला पीठगिरणीच्या वरच्या खोलीत भरतो. पाटी आहे, 'गृहिणींसाठी व्यावहारिक इंग्रजी'. गिरणी सुरू झाली की खाली जमीन थरथरते आणि फळ्यावरचं इंग्रजीही. मास्तर मधुकरराव म्हणून आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या टोपीवर पिठाचा थर असतो. खडूचा असेल असं आधी वाटलं होतं.

आम्ही अकरा बायका. माझ्या शेजारी प्रेमिला बसते. तिचा नवरा इंजिनिअर आहे, साहेबांच्या बायका क्लबात इंग्रजीत हसतात म्हणून ती आली आहे. मला म्हणाली, "तुम्ही काहून शिकता वं काकू, या वयात?" मी म्हटलं, वेळ जात नाही. ती म्हणाली, "मग वही काहून भरली एवढी?"

खरंच भरली आहे. तिला नाही सांगितलं, तुला सांगते. वेळ मला भरपूर जातो. मीराला मराठीचा एक शब्द येत नाही असं रविंद्र म्हणाला. पोरगी ताटावर बसली आणि म्हणाली की तिखट लागलं, पोटात दुखतं, थोडंच घाल, तर मी काय करू? तुझ्याकडे बघू? तू माझ्याकडे बघशील की नाही तेच ठाऊक नाही. म्हणून शिकते.

आधी चवी झाल्या. गोड म्हणजे स्वीट, आंबट म्हणजे सावर, कडू म्हणजे बिटर, करपलेलं म्हणजे बर्न्ट. मग मी विचारलं, खमंग म्हणजे काय? मास्तर म्हणाले, टेस्टी. चमचमीत? टेस्टी. कोथिंबीर भरलेली सांबारवडी तळून काढली की वरून फुटते आणि आतून ओली राहते, ते? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, व्हेरी टेस्टी. मला वाटतं ज्यांचा सगळा संसार उकडलेल्या बटाट्यावर चालतो त्यांनी शब्दांचा खर्च तरी कशाला वाढवावा.

मोजमापात मात्र ते लोक फार उधळे. पावाचा स्लाइस, केकचा पीस, लसणाची क्लोव्ह. कोबीला डोकं असतं, मक्याला कान. साबणालाही केक म्हणतात, तेव्हा जपून खा म्हणावं. चिमूटभर म्हणजे अ पिंच, मूठभर म्हणजे अ हँडफुल. इथं मी खूष झाले, हे तर आपलंच म्हटलं. मी हात वर केला आणि पुढची विचारली: नखभर हिंग? सुपारीएवढी चिंच? पसाभर पीठ? मास्तरांनी फळा पुसायला घेतला. "सिंधूताई, सुपारी कोणती? लहान का मोठी?"

वर्ग हसला. मीही हसले. मग घरी येईपर्यंत पुन्हा हसू आलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता. पसा माझा, तर माझ्या हाताएवढा. तीस वर्षं मी या हातानं घर जेवू घातलं आणि सुईवर जगणाऱ्या लेकरासाठी तो हात काही कामाचा नाही.

आई


नागपूर, ३ नोव्हेंबर १९७८

गोपिका,

दिवाळी झाली. तुझं पाकीट आठवडाभर आधी आलं, माझ्या नावानं. मी हात धुऊन उघडलं.

आत एक छापील कार्ड. चि. नाही, सा. न. नाही, ओळ नाही. दवाखान्याचं आहे ते कळलं. मधुकररावांकडून समजून घेतलं: जेवणाचे भाग पाडले आहेत, पावाचा अमुक स्लाइस म्हणजे एक भाग, दुधाचा कप म्हणजे एक भाग, दर जेवणाला चार भाग. कार्डावर भाकर नाही, आमटी नाही, पुरणाची पोळी तर नाहीच. खाली पेन्सिलीनं तू लिहिलं आहेस: 'वजनं पाठव.' दोन शब्द. मी ते पुष्कळदा वाचले. 'पाठव' म्हटलंस, 'पाठवा' नाही.

तर काटा हवा. इतवारीला गेले. धान्यवाल्याकडे मणाचे काटे, भांडेवाल्याकडे वजनं सुटी. सगळ्यांनी एकच सांगितलं, बारीक वजन सराफाकडे. गेले. सराफानं गादीवर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "काय मोजायचं आहे, बाई?"

"भाकर."

चहा आला नाही. काटा मात्र दिला, जुना, पितळेचा, दोन ग्रॅमपर्यंत खरं बोलणारा.

आता ऐक. पहिल्या दिवशी मी सात भाकरी केल्या आणि कच्चं पीठ आधी मोजायच्या ऐवजी भाकरीच तोलल्या, तुकडे करून, कारण पारडं सोन्याच्या बेताचं. सात भाकरी, सात वजनं. एक एकशे दहा, एक पंचाहत्तर. मी चाट पडले. सगळं गाव सिंधूच्या भाकरी सारख्या म्हणून नावाजतं. सारख्या दिसतात, एवढंच. सासूबाई असत्या तर त्यांना हे आधीच माहीत होतं असं निघालं असतं. तू पोरीला त्यांचं नाव ठेवलंस, मीरा. माझ्या सासूचं. हा माझ्यावरचा टोमणा की नुसतंच नाव आवडलं, यावर मी सहा वर्षं विचार करते आहे. सांगू नकोस, मला दुसरा उद्योग नाही.

आता पीठ आधी तोलते. रोज दहा भाकरी, एका मापाच्या. फसलेल्या तुझ्या बाबांना. परवा ते म्हणाले, "अजून किती दिवस नापास भाकरी खायच्या गा आपण?" गा तर गड्याला म्हणतात; कुणाला म्हणाले ते कळलं नाही, खोलीत मीच होते.

वजनं सोबतच्या कागदावर आहेत. भाकर, आमटी, भरीत, सोलेभात. पुरणाच्या पोळीचंही लिहून ठेवलं आहे. मीरासाठी नाही. तुला आवडते म्हणून.

आई


नागपूर, २६ नोव्हेंबर १९७८

गोपिका,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडायला हवाई पत्रं उरली नाहीत, म्हणून हे जाणार.

काल वर्गात पाहुणचाराचा धडा होता. मधुकरराव पाहुणे झाले, मी यजमानीण. खोट्या ताटात खोटं वाढायचं. मी वाढलं. म्हटलं, "सम मोर राइस?" ते म्हणाले, "नो, थँक यू." मी पुन्हा म्हटलं, "सम मोर?" त्यांनी हात वर केला.

"नाही, सिंधूताई. इथं थांबायचं. नो म्हटलं की झालं. त्यांच्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत, ते बरं दिसत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

प्रेमिला म्हणाली, "बाप्पा, मग तर लोक उपाशीच उठत असतील." सगळ्या हसल्या. मी वही बंद केली आणि निघून आले.

आता नीट सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, वाढलं, विचारलं, तो पुरे म्हणाला. सगळं खरं आहे, आणि त्याहून लबाड वाक्य मी आयुष्यात लिहिलं नाही.

आपल्याकडे पहिलं पुरे हे उत्तर नसतं. ते पाहुण्याचं वळण असतं. दुसऱ्यांदा विचारायचं, तो मान हलवतो. तिसऱ्यांदा विचारायचं, तो ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा बोटांच्या फटीतून वाढायचं. दारावर आलेल्या सुताराला मी दोनदा विचारते. पोस्टमनला चहाचं दोनदा विचारते. कॉलिन तुझा नवरा म्हणून पहिल्यांदा माझ्या घरी पाटावर बसला, पाय दुमडता येत नव्हते तरी बसला, तू शिकवलेलं 'पुरे' बोलला, आणि मी पोळ्यांचं ताट उचलून आत नेलं. लगेच. ठरवून. त्याच्या पुरेची वाटच पाहत होते.

तो खुशीत होता. मला आठवतं, हसला माझ्याकडे पाहून. मला तेव्हा वाटलं, काय निगरगट्ट आहे, अपमानही कळत नाही. काल कळलं की त्याच्या देशात मी अगदी सभ्यपणे वागले होते. त्याला काही लागलंच नाही. त्या खोलीत ते समजणारी एकच होती. मी ते टाकलंही होतं तुझ्याच पत्त्यावर. आणि तू अर्ध्या पोळीवरून उठलीस, हात धुतलास आणि गेलीस.

मीराच्या वाढदिवसाची तारीख मला रविंद्रनं आत्ता सप्टेंबरात सांगितली. मी बोटांवर मोजलं. तेव्हा तुला दुसरा महिना होता. तेच सांगायला आली होतीस का ग त्या दिवशी? पोटुशी लेक अर्ध्या ताटावरून उठवली मी.

बाबांना काल हे सगळं बोलले. म्हटलं, तुम्ही तरी तेव्हा बोलायचं. ते म्हणाले, "मले वाटलं, तुले माहीत आहे. तू दुसऱ्यांदा इचारलं नाही, थे मले ऐकू आलं होतं."

आई


नागपूर, १९ डिसेंबर १९७८

गोपिका,

हे पत्र तू निघायच्या आत पोचणार नाही, तरी लिहिते. हात रिकामा राहिला की काट्याकडे जातो.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'भाकर चालेल. पीठ पन्नास ग्रॅम. आमटी अर्धी वाटी. बाकी नको. गुरुवार २८, बारा वाजता.' माझ्या आधीच्या पत्राबद्दल काही नाही. पोचलं नसेल. पोचलं असेल. दोन्हीला मी सारखीच घाबरते.

पन्नास ग्रॅमची भाकर मी आता डोळे मिटून करते, मग डोळे उघडून तोलते आणि चूक निघत नाही म्हणून पुन्हा तोलते. काट्यावरचा विश्वास उडाला म्हणून काल त्याच सराफाकडे जाऊन काटा तपासून आणला. त्यानं यावेळी चहा दिला. मला वाटतं घाबरून.

एक भीती आहे ती कुणाला सांगितली नाही. माझा हात. तीस वर्षांची खोड आहे त्याला, लेकराच्या ताटात न विचारता एक घास जास्त टाकायची. म्हणून ठरवलं आहे: मीराला एकदाच वाढीन आणि दोन्ही हात पदरात बांधून बसेन. पोरगी काही म्हणाली, तर वहीतून बोलेन. पुरे म्हणाली, तर पुरे. मधुकररावांना गुरुदक्षिणा म्हणून तेवढं पाळते.

सकाळी दारातली रांगोळी पुसून पुन्हा काढली. आज एकोणीसच तारीख आहे, हे नंतर लक्षात आलं.

आई


नागपूर, २ जानेवारी १९७९

गोपिका,

तुम्ही पोचला असाल. तू त्या दिवशी इथंच होतीस, तरी लिहिते. मधला थोडा वेळ तू अंगणात होतीस आणि कॉलिनला सांगता आलं नसेल.

मीरा पाटावर बसली तेव्हा मी तुझ्या बाबांकडे पाहिलं नाही. पोरीची हनुवटी थेट सासूबाईंसारखी आहे. तू सुई दिलीस, पोरगी रडली नाही, मीच भिंत धरली. मी ताट ठेवलं, एकदाच, हात पदरात घातले. अर्धी भाकर बरी गेली. मग ती थांबली. म्हणाली, "आय ॲम फुल." तू म्हणालीस, "मीरा." ती म्हणाली, "नो, थँक यू, मम्मी." काय ती शिकवण. मी मनात म्हटलं, एवढं चांगलं वळण लावायची काही गरज नव्हती.

कॉलिननं घड्याळ पाहिलं. तू उठलीस. जाता जाता म्हणालीस, "राहू दे. टॅक्सीवाल्याला निघायचं सांगते, गाडीतली हिची बिस्किटं आणते." माझ्याकडे न पाहता म्हणालीस, पण मराठीत म्हणालीस, म्हणजे मलाच.

महिनाभर मी घोकलं होतं की नो म्हटलं की थांबायचं. आणि समोर पंचवीस ग्रॅम पीठ ताटात पडलेलं. सुई तर आत गेलेली. मी हात पदरातून काढले आणि तिच्याशेजारी खाली बसले.

"वन पीस," म्हटलं.

"नो, थँक यू."

"हाफ पीस."

"नो, थँक यू."

"क्वार्टर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. क्वार्टरवर विचार करत होती. मी म्हटलं, "अ पिंच," आणि खरंच चिमटीत येईल एवढा तुकडा घेऊन आमटीत बुडवला. तिला हसू आलं. चिमटीतली भाकर कुणी खातं का, असं काहीतरी म्हणाली. तोंड उघडलं तेवढ्यात मी घास टाकला. "अनदर पिंच." पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात? एवढं मला कळलं, गोपिका. अख्खं वाक्य कळलं.

मी म्हटलं, चिमूट. मग जरा लहान तोडला, म्हटलं, नखभर. मग मोठा, म्हटलं, सुपारी. डब्यातली सुपारी आणून दाखवली. तिनं भाकरीच्या तुकड्याशेजारी ती ठेवून पाहिली, मधुकररावांसारखी, मोठी का लहान ते. मग स्वतः तोडायला लागली. "सुपारी," म्हणायची आणि गिळायची. "नखभर," म्हणायची आणि बापाला दाखवायची. कॉलिनच्या डोळ्यांत पाणी होतं. तिखटानं असेल.

शेवटचा तुकडा उरला तेव्हा तू बिस्किटांची पिशवी घेऊन दारात आलीस. तिनं तुला विचारलं, "मम्मी, इज धिस अ सुपारी ऑर अ चिमूट?" तू ताट पाहिलंस. पिशवी खिडकीत ठेवलीस. टॅक्सीवाल्याला पुन्हा बाहेर जाऊन काय सांगितलंस ते मला माहीत नाही. तो मात्र गाडी बंद करून झाडाखाली झोपला.

पुढचं तुला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं, ते तुला ठाऊक नाही.

मी कॉलिनला पोळी वाढायला गेले. तो म्हणाला, "पुरे." मी उभी राहिले. मी दुसऱ्यांदा विचारलं. त्यानं गोंधळून तुझ्याकडे पाहिलं. तू खाली पाहत होतीस. मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला. कुणी शिकवलं त्याला? सहा वर्षांत तूच सांगितलं असशील. मी बोटांच्या फटीतून वाढलं. तो हसला, तेव्हासारखाच.

मग तुझ्याकडे वळले. तुझ्या ताटात एक पोळी होती, अर्धी झालेली. अर्धीच, मी पाहिलं. माझ्या हातात दुसरी होती, ती काट्यावर चढली नव्हती.

तू म्हणालीस, "पुरे."

मी विचारलं, "अजून एक, गोपे?"

तू म्हणालीस, "पुरे म्हटलं न वं आई." आणि ताटावर हात ठेवलास. पाचही बोटं घट्ट. त्या हाताला फट नव्हती, सुईसुद्धा गेली नसती. तुझे बाबा जेवायचे थांबले. ते ऐकत होते. माझ्या हातातली पोळी गार होत होती आणि मला वाटलं, एवढंच होतं, एक वेळचं जेवण, ते झालं.

मी तिसऱ्यांदा विचारलं.

तू हात काढलास.

आई